सबनीसांनी मांडलेला चौक

सबनीस भाड्याचं घर बघायला गेले की आधी भिंतीला हात लावत. भाडं काय, पाणी कुठलं, शेजार कसा, हे प्रश्न नंतर. तळहात भिंतीवर सपाट ठेवायचा, जरा वेळ तसाच राहू द्यायचा आणि मग घरमालकाकडे बघून "बरं आहे" म्हणायचं, किंवा काहीच न बोलता पायऱ्या उतरायच्या. जव्हारात त्यांच्याबरोबर मी अशी बरीच घरं पाहिली. "तुम्ही घर बघताय की घराची नाडी?" असं मी त्यांना एकदा विचारलं. तेव्हा ते हसले नाहीत. विनोद त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागे. संध्याकाळी तलावाकडे फिरायला गेलो असताना ते मध्येच थांबले, "नाडी काय, मास्तर," म्हणाले आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

संस्थान विलीन झालं त्यानंतरची ही वर्षं. जव्हार तालुक्याचं गाव झालं होतं. ठाण्याकडून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर आमच्यासारखी माणसं आली, आणि गावात घरं मात्र होती तेवढीच राहिली. मी वाडा गावचा, शाळेत मास्तर. सबनीस पेणचे, मोजणी खात्यात मोजणीदार. वावर-वांगणीकडच्या डोंगरात साखळी घेऊन जायचं, जमिनी मोजायच्या, नकाशे करायचे आणि आठवड्याने काळवंडून परत यायचं, हे त्यांचं काम. उंच, खांद्यात जरा वाकलेले, पायांत जाड वहाणा. एकटे राहत. मीही तेव्हा एकटाच होतो, त्यामुळे आमचं जमलं.

मोजण्याचं वेड त्यांच्या अंगातच होतं. सरकारी टेप ते घरगुती कामाला वापरत नसत. "टेप सरकारचा, दोरा माझा," असं म्हणून ते खिशातून एक पांढरा दोरा काढत. त्याला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या. खुंटी कुठे लावायची, पाट कुठे मांडायचा, देवाची तसबीर किती उंचीवर टांगायची, सगळं त्या दोऱ्याने ठरे. मी एकदा माझ्या खोलीत नजरेनेच फळी ठोकली, तर त्यांनी ती दोऱ्याने मापली आणि चहा घेईपर्यंत तिच्याकडे पाठ करून बसले. "अंदाज म्हणजे आळस, मास्तर," हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्यासारख्या आळशी माणसाला ते दिवसातून एकदा तरी ऐकावं लागे.

घराचं त्यांना एवढं का, हे मला हळूहळू कळलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण मालतीबाई पेणला माहेरीच असत. नवऱ्याच्या बदलीच्या गावी त्या दोनदा राहायला आल्या आणि दोन्ही वेळा महिन्याच्या आत परत गेल्या. सबनीसांचं घर तेव्हा म्हणजे लोखंडी घडीची खाट, एक कंदील, नकाशांच्या नळ्या आणि ट्रंक. दुसऱ्यांदा निघताना मालतीबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "हे घर नाही, तंबू आहे. घर केलंत की बोलवा." भांडण नाही, आदळआपट नाही. सबनीसांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. "तिचं बरोबर आहे," ते म्हणाले. "आता तिसऱ्यांदा बोलवायचं तर घरातच बोलवायचं. चौथ्यांदा ती येणार नाही."

पहिला प्रयत्न त्यांनी गावातच केला. बाजारपेठेत एका दुकानदाराची माडीवरची खोली घेतली आणि ती संस्थानी थाटाने सजवायला काढली. गावात जुन्या सामानाची विक्री चालली होती. तिथून त्यांनी लोड आणले, तक्के आणले, आणि एक निळ्या काचेची हंडी आणली. खोलीचं आढं इतकं खाली होतं की ती हंडी टांगल्यावर माणसाच्या कपाळाच्या रेषेत आली. मी आत शिरलो आणि आपटलो. पोस्टमन आपटला. शेवटी घरमालक भाडं न्यायला आला आणि इतक्या जोरात आपटला की भाडं न घेताच खाली गेला. सबनीसांनी दोऱ्याने मापलं, आढ्याकडे पाहिलं, हंडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, हंडी चुकीची नाही. घर चुकीचं आहे." दुसऱ्या दिवशी हंडी शाळेला मिळाली, लोड-तक्के कचेरीतल्या मंडळींनी उचलले, आणि सबनीस पुन्हा भिंतींना हात लावत हिंडू लागले.

त्यांचा हात अखेर थांबला तो गावाबाहेरच्या वारली पाड्यावर, रावज्याच्या घरात. रावज्या हा त्यांची साखळी ओढणारा माणूस. घर कारवीच्या कुडाचं, वर शेणामातीचं लिंपण, त्यावर गेरू. मधे एक कूड घालून घराचे दोन भाग केलेले. एकात रावज्या, त्याची बायको बुधी आणि तरणाताठा मुलगा लहानू. दुसरा भाग रिकामाच होता. सबनीसांनी तिथल्या मोठ्या भिंतीवर हात ठेवला तो बराच वेळ काढलाच नाही. "गार आहे," ते म्हणाले. "आणि कोरडी."

कचेरीत ही बातमी फुटली तेव्हा लोकांना बोलायला विषय मिळाला. सबनीस वारली झाले, आता लंगोटी नेसणार, मालतीबाईंना आणून भात लावायला लावणार, असं काय काय चाललं. सबनीसांना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यातलं निम्मं त्यांना कळायला संध्याकाळ होई. मला मात्र मौज वाटे ती त्यांच्या आणि रावज्याच्या नात्याची. मोजणीवर असताना ते त्याला रावज्या म्हणत. घराच्या उंबऱ्याच्या आत आले की "रावजी मालक". रावज्या दोन्हीकडे त्यांना "साहेब, तू" म्हणे. त्या भागात सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, त्यात अनादर नसतो. "साहेब, तू अठं बस, पानी गळतं तठं नको बसू," असं म्हणत हा घरमालक भाडेकरूला पाट सरकवून देई.

त्या घराला शोभेल तेवढंच घरात ठेवायचं, असं सबनीसांनी ठरवलं. लोखंडी खाट आधी गेली. जमीन बुधीकडून सारवायला शिकून घेतली. कोपऱ्यात बांबूची कणगी आली, चुलीजवळ मडक्यांची उतरंड आली, वाशाला शिंकं आलं, दाराशी भाताच्या लोंब्यांचं तोरण आलं. सगळं दोऱ्याने मापून. लोंब्यासुद्धा सारख्या लांबीच्या निवडलेल्या. घर खरंच सुरेख दिसू लागलं, हे मला कबूल करायला हवं. फक्त ती मोठी भिंत मोकळी होती, आणि सबनीसांना तीच सलत होती. त्यांनी पाड्यावरच्या एका घरात लग्नाचा चौक पाहिला होता. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ती चौकट, तिच्या भोवती नक्षीचे पदर, आत देवी, तिच्या आजूबाजूला फणी, शिडी, घोडा, चांद, सूर्य. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही दिसेना.

त्यांनी बुधीला सांगितलं, "बुधीबाई, माझ्या भिंतीवर तसा चौक काढून दे."

बुधी पोशेऱ्याकडची. बारीक अंगाची, केस पिकायला लागलेले, बोलणं कमी. ती म्हणाली, "मला नाय काढता येत."

"मग दुसऱ्या कोणाला सांग."

"कोन नाय काढायची. तो उगाच नाय काढत, साहेब."

सबनीसांना वाटलं तिला खरंच येत नाही आणि लाजेने ती टाळते आहे. त्यांनी आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. एकदा तर ती हातातलं सूप खाली ठेवून बाहेरच निघून गेली. तेव्हा थांबायला हवं होतं, पण मालतीबाईंचं येणं ठरलं होतं. भाताची आणि नागलीची खळी उरकली होती, त्यांच्या भावाला सवड होती, आठवड्याभरात तो त्यांना ठाण्याहून एसटीत बसवून देणार होता. मोकळ्या भिंतीने सबनीसांची झोप उडवली. शेवटी त्यांनी ते स्वतःच करायचं ठरवलं.

ज्या घरात चौक पाहिला होता त्या घरी ते दोरा, कागद आणि पेन्सिल घेऊन गेले. मी बरोबर होतो. सबनीस भिंतीला दोरा लावून मापं घेऊ लागले आणि घरवाल्याचा चेहरा उतरला. साखळीवाला साहेब आजवर शेतं मोजत होता, आता घरातल्या भिंती मोजायला लागला, म्हणजे सरकार भिंतींवरही काहीतरी बसवणार, असं त्याला वाटलं. तो मला कोपऱ्यात घेऊन गेला. "मास्तर, साहेबाला सांग, ही भिंत लहानच आहे. पावसात अजून लहान होते." आणि एक कोंबडी माझ्या हातात देऊ लागला. मी कोंबडी परत केली आणि त्याला समजावलं. त्याचा विश्वास बसला नाही, पण सबनीसांचं माप मात्र पुरं झालं.

रावज्या आणि बुधी लाकडं आणायला रानात गेले होते त्या दिवशी सबनीसांनी चौक काढला. भिंतीला ताजा गेरू दिला, तांदूळ वाटले, बांबूची काडी चावून तिचा कुंचला केला. मी बाजूला बसून पाहत होतो. नकाशे काढणारा हात तो. एक रेघ हलली नाही. कडेचे पदर, फण्यांचे दात, शिडीच्या पायऱ्या, घोड्याचे पाय, आणि मधोमध देवी. काढून झाल्यावर ते मागे सरले आणि मला म्हणाले, "मालतीला हे बघून तंबू म्हणता यायचं नाही." माणूस इतका सुखी झालेला मी क्वचितच पाहिला आहे.

बुधी मोळी उतरवून आत डोकावली. तिने भिंत पाहिली. तशीच वळली, दोरीवरचं स्वतःचं लुगडं ओढून आणलं आणि चौकाच्या मधल्या देवीवर टांगलं. "काय केलास, साहेब," एवढंच ती म्हणाली. रावज्या धावत आला.

सबनीसांनी पाण्याचा तांब्या उचलला. "चुकलं असेल तर पुसतो."

"पुसतोस कसा?" रावज्या म्हणाला. "पालघाट आहे ती. लग्नाची देवी. तू तिला बसवलीस. बसवून उठवायची कशी?"

वारल्यांत लग्न भटजी लावत नाही, बाई लावते. तिला धवलेरी म्हणतात. पाड्याची धवलेरी म्हणजे एक म्हातारी होती. तिला बोलावलं. ती भिंतीसमोर उभी राहिली आणि लुगडं बाजूला करून एकेक गोष्ट बघू लागली. सबनीस तिच्या मागे उभे होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. चौक चुकलेला असेल तर ती नुसती भिंतीवरची रांगोळी, पुसून टाकता येईल. जन्मभर बरोबर मापण्याची हौस असलेला माणूस आपलं माप चुकलेलं असावं म्हणून देवाला विनवत होता.

"घोड्याचा पाय जरा आखूड झाला असेल, आजी," ते म्हणाले.

"घोडा बराबर आहे."

"शिडी?"

"शिडी बराबर आहे. फणी आहे, चांद आहे, सूर्य आहे." म्हातारीने लुगडं पुन्हा नीट लावलं. "देवी बसली. आता घरात लगीन लागल्याबिगर उठायची नाय. तवर तिच्यापुढं कोनी जेवायचं नाय, निजायचं नाय."

"पण लग्न कोणाचं?" सबनीसांनी विचारलं. "माझं तर झालंय."

बुधी उठून बाहेर गेली. मग रावज्याने खाली बघत सांगितलं. त्याचं आणि बुधीचं लग्न लागलेलं नव्हतं. तरणेपणी ती पोशेऱ्याहून त्याच्याकडे आली, दोघं राहू लागली. लग्न पुढच्या वर्षी लावू, असं ठरलं. पुढच्या वर्षी पीक आलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षी बाप गेला, मग लहानू झाला. लग्नाचं जेवण घालण्याइतका दाणा घरात कधी उरलाच नाही. यात लाजण्यासारखं काही नव्हतं, निम्म्या पाड्याचं तसंच होतं. आईबापाचं लग्न राहिलं म्हणून लहानूचंही अडलं होतं.

"तिला चौक येतो," रावज्या म्हणाला. "चांगला येतो. पन लगीन न लागलेल्या बायनं ती काडी धरायची नाय. दुसऱ्याच्या लग्नात ती भायेर बसून तांदूळ वाटते. वाटून आत देते."

सबनीस जे विचारत राहिले होते ते तिला किती लागलं असेल, हे आम्हाला दोघांनाही तेव्हा समजलं. सबनीस बाहेर गेले. बुधी अंगणात लाकडं रचत होती. ते तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. मग वाकून तेही लाकडं रचू लागले.

मग रावज्या-बुधीचंच लग्न लावायचं ठरलं. कसं निभावलं ते लांबवत नाही. पाड्याने हात लावला, सबनीसांनी लावला, ज्याच्या भिंतीची मापं घेतली होती त्या गृहस्थाने ती कोंबडी अखेर इथे खर्ची घातली. दारूबंदीचे दिवस होते. झाकलेल्या मडक्यांत काय होतं ते मी विचारलं नाही. पण या तयारीला चार-पाच दिवस लागणार होते, आणि सबनीस बेघर झाले. कणगी, उतरंड, शिंकं, तोरण सगळं देवीच्या ताब्यात. ते आपली ट्रंक घेऊन माझ्या ओटीवर येऊन राहिले. "मास्तर," ते म्हणाले, "ती परवा येते आहे, आणि मी पुन्हा ट्रंकेवर बसलोय." मला त्यांची फार कीव आली.

मालतीबाई एसटीतून उतरल्या. ठेंगणी, गोरी बाई. आवाज कोरडा, नजर सगळीकडे फिरणारी. हातात एक बोचकं आणि बाकी काही नाही. सामान जास्त न आणण्यामागचा हेतू सबनीसांनाही कळला असावा.

"घर किती लांब आहे?" त्यांनी विचारलं.

"जवळच आहे," सबनीस म्हणाले. "पण सध्या आपल्याला आत राहता येत नाही."

"का? कुलूप आहे?"

"देवी आहे."

"कोणी आणली?"

"मी काढली."

मालतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सबनीसांनी मग तिथेच, एसटीच्या थांब्यावर उभं राहून, पहिल्यापासून सगळं सांगितलं. हंडीसकट सांगितलं. तंबू हा शब्द मात्र त्यांनी एकदाही उच्चारला नाही. मालतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं, बोचकं या हातातून त्या हातात घेतलं आणि म्हणाल्या, "चला, बघू तरी."

पाड्यावर बुधीला हळद लावणं चाललं होतं. पिकल्या केसांची नवरी, अंगभर पिवळी, मान खाली घालून बसलेली. शेजारी तिचा वाढलेला मुलगा ढोल घेऊन उभा. मालतीबाई दारात थांबल्या. त्यांनी कणगी पाहिली, सारख्या लांबीच्या लोंब्यांचं तोरण पाहिलं, भिंतीवर टांगलेलं लुगडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना.

धवलेरीने त्यांना निरखलं आणि सबनीसांना विचारलं, "हिचं लगीन लागलंय?"

"लागलंय."

"कोनाशी?"

"माझ्याशीच," सबनीस म्हणाले, आणि मालतीबाई पहिल्यांदा जरा हसल्या.

म्हातारीची अडचण अशी होती, की चौक गड्याच्या हाताचा. देवी तशी बसली होती, पण लग्नाआधी सवाष्णींनी त्या रेघांवरून पुन्हा काडी फिरवायला हवी होती. लग्न लागलेल्या बाया पाड्यावर मोजक्याच. "ही चालंल," म्हातारी म्हणाली आणि मालतीबाईंच्या हातात काडी दिली. बुधीने शेवटचे तांदूळ वाटून वाटी उंबऱ्यावर ठेवली होती. मालतीबाईंनी ती उचलून आत नेली.

त्यांना रांगोळीची सवय होती, जमिनीवरची. उभ्या भिंतीवर हात वर धरून काढायचं म्हणजे निराळं. शिडी त्यांच्या वाट्याला आली होती. पहिली उभी रेघ बरी गेली. दुसरी खाली येता येता सबनीसांच्या रेघेवरून घसरली आणि बाजूला गेली. पायऱ्या एक वर, एक खाली. सबनीस दारात उभे होते. खिशातला दोरा त्यांनी बोटाला इतका आवळून गुंडाळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं.

"मालती," ते न राहवून म्हणाले, "डावीकडे जरा..."

"गडी भायेर," धवलेरी म्हणाली, आणि सबनीसांना बाहेर जावं लागलं. आतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. त्यात एक आवाज मालतीबाईंचा होता. सबनीस अंगणात उभे राहून तो ऐकत होते. तो आवाज त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता, असं त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं.

लग्न लागलं. धवलेरी गात होती, रावज्या लाजून चूर झाला होता आणि लहानू आपल्या आईबापाच्या लग्नात ढोल वाजवत होता. बुधी मात्र लाजली नाही. तिने मान वर केली होती आणि ती सरळ त्या चौकाकडे पाहत होती.

जेवणं झाल्यावर पाड्यावरची गर्दी पांगली. मालतीबाईंनी सबनीसांना विचारलं, "परतीची एसटी कधी असते?"

सबनीसांचा चेहरा पडला. "उद्या सकाळी," ते म्हणाले.

"मग त्या गाडीबरोबर भावाला निरोप पाठवा. माझी मोठी पेटी पाठवून दे म्हणावं. आणि ही चूल दाराकडे तोंड करून का मांडलीत? सगळा वारा तिच्यावर येतोय."

"मापून मांडलीय," सबनीस म्हणाले.

"दिसतंय ते," मालतीबाई म्हणाल्या आणि चूल हलवायला लागल्या.

पुढची दोन-तीन वर्षं ती दोघं त्याच घरात राहिली. मालतीबाईंनी घरात पुष्कळ उलथापालथ केली. उतरंडीत पितळी डबे घुसले, तोरणाच्या लोंब्या चिमण्यांनी लहानमोठ्या केल्या, शिंक्यात मांजर झोपू लागलं. भिंतीवरच्या चौकाला मात्र कोणी हात लावला नाही. सबनीस जेवायला बसत ते त्या वाकड्या शिडीसमोर. मी एकदा चिडवलं, "काय सबनीस, माप बरोबर आहे ना?" त्यांनी घास हातात धरून शिडीकडे पाहिलं. "सरळ असती तर मी रोज कशाला बघितली असती," ते म्हणाले. आणि बुधी आता सगळ्या लग्नांत आत बसू लागली होती. लांबच्या पाड्यांवरूनसुद्धा तिला बोलावणं येई. तांदूळ दुसरंच कोणी वाटे.

मग बदलीचा हुकूम आला. सामान एसटीच्या टपावर चढलं, मालतीबाई खिडकीशी बसल्या, ड्रायव्हर भोंगा वाजवू लागला, आणि सबनीसांचा पत्ता नाही. मला त्यांना आणायला पाड्यावर पळावं लागलं.

ते रिकाम्या खोलीत भिंतीसमोर उभे होते. दोऱ्याचं एक टोक त्यांनी चौकाच्या कडेला धरलं होतं. पलीकडे बुधी हातात फडकं घेऊन उभी होती. तिच्या पायाशी गेरूचं मडकं होतं. लहानूचं लग्न अखेर ठरलं होतं, आणि त्याच्यासाठी भिंत नवी करायची होती. आता चौक ती स्वतः काढणार होती.

"माप नको नेऊ, साहेब," बुधी म्हणत होती. "जठं जाशील तठं लगीन लावाय लागंल."

सबनीसांनी दोरा खाली घेतला. मग शिडीकडे बोट दाखवून म्हणाले, "एवढा कोपरा राहू दे."

"राहिला तर नवी बसायची कठं?"

एसटीचा भोंगा इथपर्यंत ऐकू येत होता. सबनीसांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, बुधीच्या हातातलं फडकं घेतलं, मडक्यात बुडवलं आणि पहिला हात त्या वाकड्या शिडीवरूनच फिरवला. दोरा जमिनीवर पडला होता. ते भिंत सारवत गेले, कुठे जाड, कुठे पातळ, कसलंही माप न घेता. बुधी त्यांना थांबवत नव्हती. भिंत पुरी लाल झाली तेव्हा त्यांनी तळहात तिच्यावर सपाट ठेवला, घर घेताना ठेवला होता तसाच.

हात धुवायला वेळ नव्हता. आम्ही पळतच थांब्यावर आलो. मालतीबाईंनी नवऱ्याचे कोपरापर्यंत लाल झालेले हात पाहिले. सरकून त्यांना खिडकीची जागा दिली. एसटी हलली. सबनीसांनी मला निरोप द्यायला हात बाहेर काढला. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो लाल हात मला दिसत होता, आणि त्याच्या मनगटावरचा गेरू मालतीबाई पदराने पुसत होत्या.